हवेची आवक-जावक

महसूल खात्यात उभी हयात घालविलेल्या मनुष्याला परावलंबनाची जी एक सूक्ष्म चीड असते, ती आमचे स्नेही रावसाहेब, म्हणजे नांदेडचे एक निवृत्त अव्वल कारकून, यांच्या ठायी निवृत्तीनंतर अधिकच प्रखर झाली होती. भाजी परसातली, वीज छपरावरच्या सौर तक्त्यांची आणि पाणी स्वतःच्या बोअरचे, अशी तजवीज झाल्यावर जगाच्या मेहेरबानीवर सोडलेली एकच वस्तू त्यांच्या नजरेस खुपू लागली, आणि ती म्हणजे त्यांच्या जुन्या महिंद्र जीपच्या चाकांतील हवा. ‘जी वस्तू परमेश्वराने बिनमहसुली दिली, तिच्यासाठी पंक्चरवाल्याच्या दारात ताटकळावे का?’ असा सवाल करून रावसाहेबांनी इंजिनावरच हवेचा कॉम्प्रेसर बसविण्याचा हुकूम सोडला.

बॅटरीवर चालणारा लहानसा पंप बाजारात तयार मिळतो, हे आम्ही नम्रपणे निदर्शनास आणले. परंतु चार थोराड चाके भरता भरता तो बिचारा स्वतःच तापून निपचित पडतो, आणि इंजिन आयतेच फिरत असताना त्याच्याकडून ही ज्यादा चाकरी का घेऊ नये, हा रावसाहेबांचा युक्तिवाद बिनतोड होता. देगलूर नाक्याकडच्या एका बुजुर्ग मिस्त्रींनी भंगारात निघालेल्या मोटारीच्या एसीचा कॉम्प्रेसर मिळविला, तो उलटासुलटा करून पाहिला आणि गंभीर चेहऱ्याने शंका काढली, “रावसाब, इसमें गॅस के साथ तेल घूमता था. अब हवा के साथ कौन घूमेगा?” शंका शास्त्रशुद्ध होती. एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरून परत येतो व आपल्याबरोबर तेलही परत आणतो. हवा मात्र एकदा चाकात गेली की माघारी फिरत नाही, आणि तेल हळूहळू तिच्याबरोबर परागंदा होते. सबब तेल आत सोडण्याची एक आणि बाहेर पडताना ते अडविण्याची दुसरी, अशा दोन चौक्या बसविणे प्राप्त झाले. दाबली गेलेली हवा पाणी उकळण्याच्या उष्णतामानापलीकडे सहज तापत असल्यामुळे रबरी नळीच्या आधी लोखंडी नळी आली; टाकी आली; टाकीतली हवा कॉम्प्रेसरात उलटू नये म्हणून एकदिशा झडप, आणि दाब बेसुमार वाढल्यास टाकीने आम्हां सर्वांस वैकुंठास धाडू नये म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह आला. दोन्ही पुल्या एका रेषेत याव्यात म्हणून मिस्त्रींनी दोरा लावून ब्रॅकेट घासण्यात जी तन्मयता दाखविली, तशी रावसाहेबांनी मोजणीखात्यातही कधी पाहिली नव्हती.

लातूरच्या मित्राकडे प्रस्थान ठेवण्याच्या दिवशी मात्र अनपेक्षित आपत्ती ओढवली: रस्ता चांगला निघाला. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गाठणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ आता असा रुंद व गुळगुळीत झाला आहे की, चाकांतली हवा कमीजास्त करण्यास एकही सयुक्तिक कारण सापडेना. मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेस घोडे, उंट आणि गाढवे यांचा मोठा बाजार भरविणारे माळेगाव मागे पडले, तरी कॉम्प्रेसर बेकार तो बेकारच. अखेर अहमदपूरच्या अलीकडे रावसाहेबांनी जीप सरळ एका पाणंदीत घातली.

भाद्रपदातली मराठवाड्याची काळी जमीन पाणी पिऊन फुगलेली असते आणि भेटेल त्याचे पाय धरून बसते. रावसाहेबांनी चाकांतली हवा अठरा पौंडांवर आणली. चाके पसरट झाली, भार अधिक जागेवर वाटला गेला आणि जीप सोयाबीनच्या दुतर्फा शिवारातून डुलत पार झाली. पुढे डांबरी सडक लागताच ती हवा पुन्हा भरणे भाग होते, कारण तसल्या मऊ चाकांनी वेग घेतल्यास टायर तापून रिंग सोडण्याचा संभव. पट्टा फिरू लागला, टाकी घुमू लागली, आणि त्या आवाजाने गाव जमा झाले.

“हवा हाय का वो? आमच्या बी गाडीत मारा की जरा!”

पहिली आली टायरची बैलगाडी, मागोमाग मोटारसायकली, मग ट्रॅक्टरचे पुढचे चाक. रावसाहेबांतला अव्वल कारकून जागा झाला. त्यांनी वही काढून रकाने आखले: अनुक्रम, वाहनाचा प्रकार, दिलेली हवा पौंडांत, शेरा. एका मुलाच्या फुटबॉलपुढे ‘सुईअभावी अर्ज दप्तरी दाखल’ असा शेरा पडला. तेवढ्यात धोतर सावरीत एक आजोबा आले, बॉनेटखाली वाकले आणि निर्विकारपणे म्हणाले, “ह्यात नवं काय? आमच्या हिरीचं ब्लास्टिंग असल्याच टॅक्टरनं झालं. हे त्याचंच लेकरू दिसालंय.”

आजोबांचे म्हणणे रास्त होते. या मुलखात काळ्या मातीखाली दख्खनचा कातळ आहे, आणि ट्रॅक्टरच्या इंजिनावर कॉम्प्रेसर चालवून, त्याच्या नळ्या विहिरीत सोडून, त्या हवेच्या जोरावर सुरुंगाची भोके पाडण्याची विद्या येथे जुनी आहे. त्या विद्येबरोबरच एक अलिखित कायदाही रुजला आहे: विहीर ज्याची, त्याने वाटसरूस पाणी नाकारू नये. तोच कायदा हवेलाही लागू झाला, आणि कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये म्हणून खटाटोप केलेल्या रावसाहेबांच्याच दारात अर्धे गाव उभे राहिले. तक्रार करावी, तर ते वही भरण्यात इतके रमले होते की, त्यांना निघण्याचे भान आम्हांसच द्यावे लागले.

सोळा रस्ते फुटणाऱ्या गंजगोलाईत योग्य तो रस्ता हुकवीत हुकवीत आम्ही लातूरला आमच्या मित्राच्या घरी पोचलो. दमट हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. ते काढून टाकण्याची तोटी रावसाहेबांनी अंगणात उघडली. ज्या शहराने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने, पहिल्याच खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर, पाणी आणविले, तेथे पाण्याची धार मातीत पडताना पाहणे कोणास सोसणार? वहिनी पातेले घेऊन धावत आल्या.

“भावजी, पाणी भुईवर कशाला सोडालाव?”

“वहिनी, हे तेलकट आहे. पिण्यास नालायक.”

“प्यायला कोण म्हणालंय? फाटकाची बिजागरी कवाची कुरकुरालीय!”

रावसाहेबांनी तत्काळ वहीत नवा रकाना आखला, जावक पाण्याची नोंद केली, लाभार्थ्याच्या जागी ‘फाटक’ लिहिले, आणि फाटक दोनदा उघडून-मिटून खातरजमा झाल्यावरच शेरा मारला: ‘तक्रार निकाली.’