ओकाआसानची वही

जपानात होमस्टेला गेलेल्या मराठी मुलाचं भवितव्य ज्या बाईंच्या हाती असतं, त्यांना ओकाआसान, म्हणजे आई, म्हणतात. वय साठीच्या आसपास, मुलं तोक्योला नोकरीला, वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आणि यजमान कायम पेपराआड. रिकामी खोली आणि रिकामा वेळ एकत्र आले की आपल्याकडे भिशी निघते. ओकायामात परदेशी विद्यार्थी येतो.

ओकाआसानचा पाहुणचार विचारपूस करण्यावर चालत नाही, तयारीवर चालतो. ‘तुला काय आवडतं?’ असं विचारणं म्हणजे आपल्या तयारीत कसूर राहिल्याची कबुलीच. म्हणून मुलगा विमानात बसण्यापूर्वीच त्याचा अभ्यास पुरा करून एका वहीत उतरवलेला असतो. ‘भारत : गाय खात नाहीत. गणितात हुशार. करी.’ शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा.

तेव्हा पहिल्या रात्री करी ठरलेलीच. ही करी मेइजी काळात इंग्रजांच्या वाटेनं जपानात पोचली, त्यामुळे भारत तिला फक्त ऐकून माहीत. पिठानं दाट केलेली, वर सफरचंद आणि मध घालून गोड केलेली. मुलगा घरच्या संस्कारांना जागून ‘ओइशी’, म्हणजे छान झालंय, असं म्हणतो आणि स्वतःच्या हातानं दर शुक्रवारचं जेवण ठरवून घेतो.

पुण्यात जपानीचे क्लास करून एन-थ्री परीक्षा पास झालेला हा मुलगा पहिलं वाक्य बोलतो. ओकाआसान टाळ्या वाजवतात. पुण्यात कौतुकाची सवय नसलेला तो जीव हरखून जातो. मग कळतं, काड्यांनी भात उचलला तरी तेवढ्याच टाळ्या पडतात. तोवर नावही गेलेलं असतं. कुठलाही वल्लभ इथे ‘बार्राबु-सान’ होतो आणि हाकेला ओ देऊ लागतो.

खरी कसोटी शाकाहाराची. ‘मांस चालत नाही’ म्हटल्यावर मासा येतो. ‘मासाही नाही’ म्हटल्यावर मिसोचं सूप येतं. त्याच्या पाण्याला सुकवलेल्या कात्सुओ माशाचा कीस उकळून चव आणलेली असते, पण मासा गाळून काढलेला, दिसत कुठे नाही! एखाद्या गोवेकर सारस्वताला हे शास्त्र तत्काळ पटलं असतं. सदाशिव पेठेतला मुलगा मात्र रात्रभर वाटीचा आणि पूर्वजांचा विचार करत बसतो.

ओकाआसान रागावत नाहीत. त्या चित्र काढतात. पाहुण्याला आंघोळीचा पहिला मान. बाहेर अंग घासून, स्वच्छ होऊन, मग टबातल्या कढत पाण्यात नुसतं बसायचं. तेच पाणी नंतर सगळ्या घराला. आपला मुलगा बाहेर येताना चांगल्या घरचा म्हणून टबाचं बूच उपसून पाणी सोडून देतो. खाली दोघं टॉवेल घेऊन उभी. कुणी चकार शब्द काढत नाही. सकाळी न्हाणीघरात कमरेतून वाकलेल्या, हसऱ्या बुचाचं चित्र लागलेलं असतं. संडासातल्या सपाता घालून तो जेवायच्या खोलीत आला, की दुसऱ्या दिवशी सपाता घातलेला रडका ससा. ओला-सुका एवढ्याच विद्येवर आलेल्या या मुलानं झाकण आणि लेबल न काढता बाटली टाकली, की फ्रिजवर बाटलीचं संपूर्ण कुटुंब, ज्याचा त्याचा वार लिहून. भिंतीवर जितकी चित्रं, तितके गुन्हे. पाहुण्यांना वाटतं, घरात लहान मूल आहे.

रविवारी त्या त्याला कोराकुएन दाखवायला नेतात. 1700 साली पुरी झालेली ही बाग म्हणजे ओकायामाचा अभिमान. मुलगा तळं बघतो, पूल बघतो आणि सांगतो, ‘आमच्या सिंहगड रोडला अशीच आहे.’ त्याचं खरंच असतं. कोराकुएनच्या धर्तीवर केलेली ती बाग आज पु. ल. देशपांडे उद्यान म्हणून ओळखली जाते. ओकाआसान आदरानं मान डोलावतात, आणि वहीत नोंद होते : ‘घरची फार आठवण येते. करी वाढवावी.’

वर्षअखेरीला स्टेशनवर रडारड होते. मुलगा जातो, वही राहते. पुढल्या वर्षी कोल्हापूरचा गडी येतो. प्रवासभर त्यानं मासा, कोंबडी, जे मिळेल त्याची स्वप्नं पाहिलेली. ओकाआसान त्याच्यापुढे उकडलेला भोपळा ठेवतात आणि डोळे मिचकावून सांगतात, ‘काळजी करू नकोस, मला सगळं माहीत आहे.’ तो भोपळ्याकडे बघतो, त्यांच्या चेहऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘ओइशी.’

ओकाआसान पेन शोधायला उठतात.