डीपी जळाली, डीपी बदलला

मराठीत ‘डीपी’ म्हणजे काय, हे क्रियापद ऐकल्याशिवाय सांगता येत नाही. ‘डीपी जळाली’ म्हणाला तर समजावं, शेतकरी आहे. ‘डीपी बदलला’ म्हणाला तर फोनवाला. ‘डीपी मंजूर होतोय’ असं कानाशी येऊन सांगितलं तर जमिनीचा दलाल, आणि ‘डीपीत गेली हो’ असा गळा काढला तर त्याच जमिनीचा मालक. दोन इंग्रजी अक्षरं. पण आपण त्यांना बाईही केलं, बाप्याही केलं.

यातली सगळ्यात थोरली, वयानं आणि वजनानंही, गावची डीपी. तिचं पूर्ण नाव काय यावर एकमत नाही. लाइनवरची जुनी माणसं सांगतात, डबल पोल. दोन खांब उभे करायचे, मधल्या आडव्या लोखंडावर ट्रान्सफॉर्मर बसवायचा, त्या सांगाड्याचं हे नाव. कुणी म्हणतं डिस्ट्रिब्युशन पॉइंट, कुणी पॅनेल. गाव या भानगडीत पडत नाही. ‘रोहित्र’ हा सरकारी शब्द तर गावाला फक्त बातमीत भेटतो. अकरा हजार व्होल्टची वीज इथे येऊन चारशेच्या घरात उतरते आणि मोटारीला झेपते, एवढं कळलं की पुरे. बाकीचं शिक्षण डीपी जळल्यावर आपोआप होतं.

ती जळते ऐन रब्बीत. पाण्याची पाळी आणि लाइटची पाळी एकदाची जुळते, लाइट येताच सगळ्या मोटारी एका दमात सुरू होतात, त्यात चार आकडे कुणाच्याच हिशोबात नसतात. ऑइल कधीच कमी झालेलं असतं. कधी गळून, कधी कुणीतरी रात्री कॅन भरून नेल्यामुळे. फ्यूजच्या जागी हाताला लागेल ती जाड तार पिळलेली असतेच. मग एक आवाज, थोडा धूर, आणि सगळं शिवार वायरमनचा नंबर फिरवू लागतं. वायरमन सांगतो, वर कळवलंय. वरचे सांगतात, आधी थकबाकीचं बोला. शेवटी वर्गणी निघते, कुणाचा तरी ट्रॅक्टर निघतो, आणि जळकी डीपी गावच्या खर्चानं तालुक्याला जाते. गहू तोवर वाट बघत उभा राहतो. त्याला दुसरं काही जमतही नाही.

शहरातला डीपी जळत नाही. तो कागदाचा असूनही जळत नाही, हे विशेष. डेव्हलपमेंट प्लॅन म्हणजे विकास आराखडा. 1966 च्या प्रादेशिक आणि नगर रचना कायद्यानुसार तो करायचा, सर्वसाधारणपणे वीस वर्षांसाठी. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 2007 ते 2027 या काळासाठी होता आणि त्याला मंजुरी मिळाली जानेवारी 2017 मध्ये. म्हणजे शहराचं भविष्य मंजूर झालं तेव्हा निम्मं भविष्य भूतकाळात गेलेलं होतं. मुंबईची तऱ्हा वेगळी नाही. 2034 पर्यंतचा तिचा मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला. त्यात इतक्या चुका निघाल्या की दोन महिन्यांत तो दुरुस्तीसाठी परत गेला, आणि मंजूर झाला 2018 मध्ये.

तरी पुणेकरांचं आराखड्यावर प्रेम आहे. आराखड्यात आखलेला एखादा रस्ता खरोखरच जमिनीवर उतरला तर त्याला ते कुणा महापुरुषाचं नाव देईपर्यंत थांबत नाहीत. ‘डीपी रोड’ म्हणून मोकळे होतात. म्हात्रे पुलाजवळ डीपी रोड, औंधात डीपी रोड, कोथरुडात डीपी रोड. लग्नाच्या पत्रिकेवर फक्त ‘डीपी रोड’ वाचून निघालेला पाहुणा अक्षता भलत्याच जोडप्यावर टाकून, जेवूनच परत येतो.

ज्याच्या जमिनीवर या डीपीनं बाग, शाळा किंवा मैदान रंगवलंय, त्याला ना विकता येतं ना बांधता येतं. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर त्यानं सरकारी यंत्रणेला नोटीस द्यायची, मग आणखी चोवीस महिने थांबायचं. तेवढ्यातही कुणी हललं नाही तर आरक्षण सुटतं. आरक्षण मिळावं म्हणून राज्यात मोर्चे निघतात. ते जावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली ही एकच जमात असावी.

डीमॅटवाल्यांचा डीपी, म्हणजे डिपॉझिटरी पार्टिसिपंट, थोडक्यात उरकतो. शेअर विकला की तो आपलं शुल्क कापून घेतो. नफ्यात विकला तरी, तोट्यात विकला तरी. असा समदर्शी महात्मा शेअर बाजारात दुसरा नाही.

आता फोनमधला. गंमत म्हणजे व्हॉट्सॲप स्वतः त्याला प्रोफाइल फोटो म्हणतं. ‘डिस्प्ले पिक्चर’ हे नाव आधीच्या मेसेंजरांच्या, ब्लॅकबेरीच्या काळातलं. ते फोन गेले, नाव आपण ठेवून घेतलं. या डीपीचं काम चेहरा दाखवणं, हा गैरसमज आहे. काका गुलाबाचं फूल लावतात, काकू बाळकृष्ण, आणि पुतण्या साहेबांसोबतचा फोटो. त्यात साहेब पूर्ण आणि पुतण्याचा एक कान. 2022 च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, 2023 च्या जुलैत राष्ट्रवादी. खरा पक्ष कोणाचा हे निवडणूक आयोगाला ठरवायला महिने लागले, कोण कुठल्या गटात हे गल्लीला डीपीवरून त्याच संध्याकाळी कळलं. ज्यांचा डीपी कोरा करडा झाला, ते अजून फोनची वाट पाहत होते.

2022 च्या ऑगस्टात पंतप्रधानांनी सगळ्यांना डीपीला तिरंगा लावायला सांगितलं. दोन बोटांत देशसेवा झाली. पुढच्या वर्षी क्रिकेट मंडळानं एक्सवर डीपी तिरंगी केला, तर नियमानुसार त्यांची ओळखीची खूणच काही काळ गेली. फोटो बदलला की माणूस तोच आहे का, हे तपासावं लागतं, असं त्या कंपनीला वाटतं. आपल्याकडच्या पक्षांना अजून तसं वाटत नाही.

एक डीपी परदेशातलाही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात डीपी म्हणजे डिस्प्लेस्ड पर्सन, घरदार उठलेला माणूस. अमेरिकेनं 1948 मध्ये त्यांच्यासाठी याच नावाचा कायदा केला. युद्धात घर गमावलेले पाचेक हजार पोलिश लोक आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहून गेले, ते याच गोतावळ्यातले. आपल्या धरणांनी उठवलेल्या माणसांसाठी मात्र वेगळी अक्षरं आहेत : पीएपी, प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन. सलग वाचून बघा. कुणाचं ते लिहिलेलं नाही.

एका डीपीनं भागेना म्हणून दिल्लीनं 2023 मध्ये डीपीडीपी कायदा केला, आपली वैयक्तिक माहिती जपण्यासाठी. आणि जिल्ह्यात आहे डीपीडीसी, जिल्हा नियोजनाची समिती. पालकमंत्री अध्यक्ष. गावच्या डीपीला पैसे कुठून आले असं विचारलं तर उत्तर येतं, डीपीडीसीतून. डीपीडीसीतून डीपी! मग नारळ फुटतो, फीत कापली जाते, दोन खांबांखाली आमदार साहेब हात जोडून उभे राहतात. तो फोटो कार्यकर्त्याला डीपीला ठेवायचाय. फोन चार टक्क्यांवर आलाय, आणि तो वायरमनला विचारतोय, लाइन कधी सोडताय?