शटरची खांदशेकणी

वर्धा जिल्ह्यातील लेआऊटांमध्ये, म्हणजे शेतजमीन अकृषक करून पाडलेल्या भूखंडांच्या वस्त्यांमध्ये, जी घरे उभी राहिली आहेत त्यांपैकी बऱ्याच घरांच्या दर्शनी भागात लाकडी दरवाजाच्या शेजारीच एक लोखंडी शटर असते, आणि त्या शटरामागील खोली बांधताना ती भाड्याने द्यावयाचा गाळा म्हणून कल्पिलेली असते. भाडेकरू मिळत नाही, किंवा मिळालेला टिकत नाही. मग त्या खोलीत चारचाकी, तुरीची पोती, कूलरचा सांगाडा आणि लग्नात आहेर म्हणून आलेली परंतु अद्याप न उघडलेली भांडी यांचा मुक्काम पडतो. दुकान कधी थाटले जात नाही, तथापि दुकानाचे शटर मात्र कुटुंबाच्या गळ्यात कायमचे पडते, आणि त्याच्या पोटातील स्प्रिंग हा या कुटुंबाचा सर्वांत कष्टाळू, सर्वांत दुर्लक्षित आणि कोणीही कधी न पाहिलेला सदस्य ठरतो.

शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा पडदा होय. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत या पट्ट्या ८० मिलिमीटर रुंद व १.२५ मिलिमीटर जाड, आणि स्प्रिंगा २७.५ सेंटिमीटर लांब व उच्च ताणाच्या पोलादी तारेच्या असाव्यात असे नमूद आहे. आठ फूट रुंद व आठ फूट उंच शटराचा पत्रा अगदी सपाट धरला तरी त्याचे वजन अठ्ठावन्न किलोच्या आसपास भरते, आणि पट्ट्यांची गोलाई व त्यांचे आकडे धरले तर ते आणखी बरेच वाढते. हे वजन घरातील शाळकरी मुलगी एका हाताने वर ढकलू शकते याचे श्रेय तिच्या पोषणाला देण्याची आजीची प्रवृत्ती समजण्याजोगी असली, तरी यंत्रशास्त्रदृष्ट्या ते श्रेय स्प्रिंगांचे आहे. शटराच्या वर दोन कंसांवर एक पाइप पक्का बसवलेला असतो. त्याच्याभोवती स्प्रिंगा ओवलेल्या असतात. स्प्रिंगेचे एक टोक त्या न फिरणाऱ्या पाइपाला, आणि दुसरे टोक ज्या चाकावर पडदा गुंडाळला जातो त्या चाकाला जखडलेले असते. पडदा खाली ओढला की चाक फिरते आणि स्प्रिंग पिळली जाते. वर ढकलला की तो पीळ सुटतो व पडदा उचलण्यास हातभार लावतो. याचा अर्थ असा की, घर कुलूपबंद करून सारे कुटुंब आर्वीला लग्नाला गेलेले असते, तेव्हा त्या घरात स्प्रिंग एकटीच राबत असते, आणि तेही तिच्या सर्वाधिक ताणाच्या अवस्थेत.

या व्यवस्थेमागील नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु तो कोणी चोरू नये म्हणून त्याने त्यातील अक्षरे वर्णानुक्रमे लावून कोड्याच्या रूपात छापली आणि उलगडा १६७८ मध्ये केला. ताण जितका, बल तितके, हा त्याचा आशय. शटर वर जात असताना लोंबणाऱ्या पडद्याचे वजन घटत जाते आणि त्याच प्रमाणात स्प्रिंगेचा पीळही उतरत जातो, म्हणून दोहोंचा मेळ जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो. ‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण असे की, गुंडाळी जाड होत जाते तसतशी तिची त्रिज्या वाढते व हिशेब किंचित चुकतो. यातून एक सोपी परीक्षा निघते. शटर कमरेइतक्या उंचीवर आणून हात सोडावा. ते जागच्या जागी थांबले तर स्प्रिंगा ठीक, खाली घसरले तर त्या थकलेल्या, आणि वर पळाले तर गरजेपेक्षा अधिक पिळलेल्या समजाव्यात. परीक्षा करताना पायाची बोटे शटराखाली नसावीत, हे हूकने लिहिलेले नाही, परंतु ते नियमाइतकेच खरे आहे.

प्रत्यक्षात ही परीक्षा कोणी करीत नाही, कारण शटर जड होणे ही क्रिया सावकाश घडते. रुंद शटराला एकाहून अधिक स्प्रिंगा असतात. त्यांतील एक तुटली की तिचा भार उरलेल्यांवर पडतो, आणि घरात कारणमीमांसेचा हंगाम सुरू होतो. गेल्या दिवाळीला मारलेल्या ऑइलपेंटच्या दोन हातांनी वजन वाढले, असा एक पक्ष असतो. धाकट्याने क्रिकेट खेळताना पट्टी वाकवली, असा दुसरा. आणि उन्हाने शटर फुगले, हा सर्वांत लोकप्रिय तिसरा. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो हे निर्विवाद असल्याने या तिसऱ्या पक्षाचे मत तपासणे आवश्यक ठरते. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या लाखात सुमारे १.२ भाग वाढते; त्यानुसार डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत पस्तीस अंशांचा फरक धरला तर आठ फुटी पट्टी एक मिलिमीटर वाढते. या एका मिलिमीटरवर जेवढे दोषारोप होतात तेवढे सोसण्याची त्याची ऐपत नाही. स्प्रिंगांखेरीज खरा अपराधी बाजूच्या खाचेत, म्हणजे ज्या उभ्या मार्गात पट्ट्यांची टोके सरकतात तेथे, दडलेला असतो. या खाचेत मोठ्या श्रद्धेने जळके ऑइल, म्हणजे दुचाकीच्या इंजिनातून काढलेले काळे वापरलेले तेल, ओतले जाते. त्यावर रस्त्याची धूळ बसते. आणि हिंगणघाट, देवळी, पुलगाव अशा कापसाच्या गावांत हंगामात जिनिंगच्या, म्हणजे सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यांच्या आसपास उडणारे तंतू त्यात मिसळले की जो पदार्थ तयार होतो, त्याला वंगण म्हणणे केवळ उपचारापुरते उरते. खाच कोरड्या फडक्याने पुसावी व तेल द्यायचेच तर पातळ तेल वर स्प्रिंगांना द्यावे, हा साधा मार्ग आहे. परंतु खाच हाताशी असते आणि स्प्रिंगेसाठी शिडी लागते.

याच जिल्ह्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते, म्हणजे वर्षभर जू वाहिलेल्या त्यांच्या खांद्यांना तूप-हळद लावून ते शेकले जातात, आणि सिंदी रेल्वे या गावच्या प्रसिद्ध तान्ह्या पोळ्यात, म्हणजे मुलांच्या पोळ्यात, तर लाकडी नंदीचीही हौसेने सजावट होते. भार वाहणाऱ्याच्या खांद्याची वर्षातून एकदा विचारपूस करावी हे तत्त्व ज्या समाजाला इतके अवगत आहे, त्याने शटराच्या खांद्याकडे पाहू नये, हे कोडे हूकच्या कोड्यापेक्षा कठीण आहे. दसऱ्याला शटराला झेंडूचा हार व हळदकुंकू मिळते खरे, पण ते खालच्या पट्टीला, म्हणजे ज्या भागाला त्याची गरज सर्वांत कमी त्याला.

देखभालीचा विचार या भूमीला परका नाही. गांधीजी १९३६ साली सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले, त्याच्या आधी १९२९ मध्ये त्यांच्याच अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. त्याच्या अटींत यंत्राची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, ते वीस वर्षे चालावे आणि वार्षिक दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे स्पष्ट म्हटले होते. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, यावरून अटी लिहिणाऱ्यांना दुरुस्तीचा अनुभव किती दांडगा होता हे दिसते. आजचा गृहस्थ शटर घेताना विचारतो तो रंग. अमेरिकेत वाहनघराच्या दरवाजाची स्प्रिंग सामान्यतः दहा हजार वेळा उघडझाप होईल या हिशेबाने बनवतात. दिवसाला चार उघडझापा धरल्यास हे आयुष्य सात वर्षांच्या आत संपते. वर्ध्यातील स्प्रिंगेला असा हिशेब कोणी सांगितलेला नसतो, म्हणून ती पावसाळ्यातील गंजाने बारीक खड्डे पडेपर्यंत आणि त्या खड्ड्यांतून तडे जाईपर्यंत चालत राहते, व बहुधा मध्यरात्री, शटर बंद असताना, धाडकन तुटते. त्यानंतर घरातील पुरुषमंडळी काठी घेऊन चोर शोधतात.

स्प्रिंग बदलणे हे मात्र गृहस्थाने स्वतः करावयाचे काम नव्हे, कारण पिळलेली स्प्रिंग पाना निसटताच आपला सारा पीळ समोरच्या मनगटात रिकामा करते. वेल्डिंगवाला, म्हणजे जाळ्या, फाटके व शटरे यांचा सर्वज्ञ कारागीर, प्रथम शटर पूर्ण वर नेऊन दोराने आवळतो, म्हणजे पीळ कमीत कमी उरतो; मग पाइप गुंडाळीसकट दोघातिघांच्या मदतीने खाली उतरवतो, राहिलेला पीळ पाना न सोडता थोडाथोडा उतरवतो, आणि नवी स्प्रिंग ओवून तिला सुरुवातीचे काही फेरे देतो. सर्व स्प्रिंगा एकाच वयाच्या असल्याने त्या एकदमच बदलाव्यात असे शास्त्र सांगते. गृहस्थ ‘तुटली तेवढीच बदला’ असे सांगतो. आणि ‘बाकीच्या दोन वर्षं आरामात चालते काका’ असे म्हणून कारागीर आपल्या पुढील फेरीची तजवीज करून ठेवतो. तुटलेल्या स्प्रिंगेचे दोन तुकडे भंगारवाला लोखंडाच्या भावाने घेण्यास तयार असतो, परंतु ‘कामी पडते’ या घराण्याच्या सूत्रानुसार ते माळ्यावर जातात, आणि पुढच्या वेळी कारागीर आला की त्यांतील लांब तुकडा खाली काढून ‘हीच बसते का पाहून घ्या’ अशी विनंती त्याला अत्यंत गंभीरपणे केली जाते.