निडी येथील जपानी मोटारीच्या सुट्या भागांचा प्रमाणविचार

प्रस्तुत प्रबंधाचा विषय असा : रोहे तालुक्यातील निडी गावी कोणी निस्सान जीटी-आर बाळगल्यास तिचे सुटे भाग कोठून आणावेत? अशी गाडी निडीत आहे असा आमचा दावा नाही. परंतु सशाच्या शिंगावरही आपल्याकडे शतकानुशतके वाद झालेलाच आहे.

ही गाडी भारतात डिसेंबर २०१६ मध्ये आली. तेव्हाची किंमत १ कोटी ९९ लाख, ताकद ५७० अश्वशक्ती. इंजिन योकोहामाच्या कारखान्यात एकच कारागीर स्वतःच्या हाताने जुळवत असे आणि त्यावर आपल्या नावाची पट्टी लावत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्पादन थांबले, त्यामुळे विषय संशोधनास पात्र झाला. चालू वस्तूवर प्रबंध लिहिण्याची आपली रीत नाही.

आता पहिला निखळणारा भाग कोणता? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर. गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे साडेदहा. उरलेल्या अर्ध्या सेंटिमीटरवर मालकाने भरवसा ठेवावा, तर गावोगावच्या गतिरोधकांनी हे मानक वाचलेले नाही. तेव्हा पुढचा बंपर. बंपरांना लागणारे पॉलिप्रॉपिलीन शेजारच्या नागोठण्यात तयार होते, न्हावा-शेवा बंदर याच जिल्ह्यात, आणि बंपर मात्र जपानात! वस्तू जितकी जवळून निघते तितकी लांबून येते, हा नियम आम्ही येथे प्रथमच मांडीत आहोत.

बिघाड ओळखण्यासाठी नैयायिकांची चारही प्रमाणे तपासली. प्रत्यक्ष : मिस्त्री बॉनेट उघडतो, झाकण दिसते, इंजिन दिसत नाही. अनुमान : जेथे खडखड तेथे बिघाड. पण या गाडीचा गिअरबॉक्स धडधाकट असतानाही पुष्कळदा खडखडतो. म्हणजे हा शुद्ध हेत्वाभास. उपमान हे मिस्त्रीमंडळींचे सर्वांत लाडके प्रमाण. ‘शेठ, स्विफ्टचा बसेल की!’ या वाक्याने कोकणातल्या अनेक गाड्या आजवर चालत्या राहिल्या आहेत, आणि त्याची थट्टा करण्याचे धाडस आम्हांस नाही. तरीही दोन टर्बोंच्या इंजिनात ते लावू नये. राहिला शब्द, म्हणजे पार्ट नंबर. मंत्राप्रमाणे यातले एक अक्षर चुकले की फळ उलटे मिळते : अमेरिकेतला भाग डाव्या स्टिअरिंगचा निघतो. म्हणून स्टिअरिंगच्या बाजूवर अवलंबून असलेले भाग जपान, इंग्लंड वा ऑस्ट्रेलियातून मागवावेत. तिथे आपल्यासारखेच उजवे स्टिअरिंग असते.

टायर विसाच्या रिमचे, हवा गेली तरी चालणारे. त्यांत नायट्रोजन भरावा असे कंपनी सांगते. निडीच्या हवेत तो ७८ टक्के आहेच. उरलेल्या २२ टक्क्यांसाठी पनवेल गाठावे की नाही, यावर विद्वानांत मतभेद संभवतात. टायर चढवण्याबाबत मात्र ते नसावेत. त्याच्या कडा इतक्या ताठ असतात की फाट्यावरच्या पंक्चरवाल्याची पहार तिथे चालत नाही.

कंपनीने या गाडीसाठी खास सेवाकेंद्र काढले ते नोएडात. निडीहून सुमारे दीड हजार किलोमीटर, वाटेतले गतिरोधक वेगळे.

निर्णय : गाडी घ्यावी, झाकून ठेवावी. दिवा-रोहा मेमू निडीला थांबते.