जर्मनीत गाडी पकडताना

पुण्याहून लेकाकडे म्युनिकला निघालेल्या काकांनी जर्मन रेल्वेबद्दल एकच गोष्ट ऐकलेली असते: तिथल्या गाडीवर घड्याळ लावावं. लावलंच, तर ते बरंच मागे पडेल. २०२४ मध्ये डॉइच बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर धावल्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ करून. रद्द झालेली गाडी या हिशेबात धरतच नाहीत. जी आलीच नाही, तिला उशीर कसा होणार? शेजारच्या स्विस लोकांनी तर हात टेकलेत. फार रखडलेली जर्मन गाडी ते बाझेललाच थांबवतात आणि पुढे आपली गाडी सोडतात.

उशिराचं काका-काकूंना काहीच वाटत नाही, त्यात त्यांचा जन्म गेलाय. अडतं ते दुसरीकडे.

आपल्याकडे कन्फर्म तिकीट म्हणजे डबा आणि सीट आलीच. तिथे तिकीट काढलं की फक्त गाडीत शिरायची सोय होते. बसायचं असेल तर सीटचे पैसे वेगळे. काकू तिकिटावर सीट नंबर शोधतात, उलटून पाहतात, शेवटी काकांकडे पाहतात. रिझर्वेशन नसलेल्यांनी सीटजवळची छोटी पाटी वाचावी. तिथे दोन स्टेशनांची नावं दिसली, तर त्या दोन स्टेशनांमध्ये ती जागा कुणाची तरी आहे. एरवी खुशाल बसावं. 'जरा सरकून घ्या' म्हणून चौथी सीट मिळवण्याची विद्या मात्र इथे चालत नाही.

फलाटावर जायला गेट नाही, कुणी अडवत नाही. म्हणून फुकट समजू नये. टीसी गाडीत येतो आणि विनातिकीट प्रवाशाकडून निदान ६० युरो घेतो.

फलाटाचे ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात आणि कुठला डबा कुठे लागणार ते इंडिकेटरवर येतं. शिस्तीचे जर्मन आपापल्या अक्षराखाली उभे राहतात. मग घोषणा होते: आज डब्यांचा क्रम उलटा. त्यासरशी अख्खा फलाट बॅगा ओढत एकमेकांतून आरपार धावू लागतो. इथे मात्र काकांना तोड नाही. दादर-कल्याणला कमावलेलं कसब!

डबा नीट पाहून चढावं हेही खरं. काही गाड्या वाटेतल्या स्टेशनात दुभंगतात: अर्धी गाडी एका शहराच्या वाटेला, अर्धी दुसऱ्याच्या. नवरा-बायको वेगवेगळ्या अर्ध्यांत बसले, तर भेट संध्याकाळी. आणि फ्रँकफर्टही दोन आहेत. विमानतळवालं माइन नदीवरचं. दुसरं ओडर नदीवरचं, थेट पोलंडच्या सीमेला टेकलेलं. तिकीट काढताना नदीचं नाव वाचावं.

स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. पण मुक्कामी पोचायला २० मिनिटं वा जास्त उशीर होणार असं दिसलं, की ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. तासभर उशीर झाला तर भाड्याचा पाव हिस्सा परत, दोन तास झाला तर निम्मा. हे कळल्यापासून काका खिडकीबाहेर बघेनासे झालेत, नजर मोबाइलवर. ५५ मिनिटं उशीर... ५८... काकूंनाही चहा सुचेना. ऑग्सबुर्ग सोडल्यावर ड्रायव्हरला काय हुरूप आला कोण जाणे, गाडी सुसाट सुटली आणि ५६ मिनिटं उशिराने म्युनिकला लागली.

"मेल्याला आत्ताच घाई सुचली," काका बॅग उतरवत म्हणाले.