आधी कुणी हात लावलाय?

गाडी रस्त्यात बंद पडली, सेल्फ मारला तर इंजिन गरगर फिरतंय पण चालू होत नाही, की जमलेले सगळे निकाल देतात, "पंप गेला." पार्किंगवरून वर्षभर भांडणाऱ्या आमच्या सोसायटीतही यावर एकमत झालं. कुणी नव्या पंपाची किंमतही सांगून टाकली.

हे न म्हणणारा एकच प्राणी, गाड्यांचा वायरमन. आल्या आल्या त्याचा पहिला प्रश्न, "आधी कुणी हात लावलाय?" डॉक्टरांपुढे तंबाखू लपवावी तसं मी म्हणालो, "छे, कुणी नाही."

त्याने बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटला कान लावला. "चावी ऑन करा. सेल्फ मारू नका." चावी फिरली की टाकीतला पंप दोनेक सेकंद गुणगुणतो, लाइनीत प्रेशर भरतो आणि इंजिन फिरायची वाट बघत थांबतो. त्या दोन सेकंदांत शेजारचं पोर खोकलं म्हणून त्याने पुन्हा चावी फिरवायला लावली. आवाज नाहीच. फ्यूज शाबूत. रिले 'टिक' म्हणाला, पण आतले पॉइंट जळलेले असले तरी रिले टिक म्हणतोच. "हो हो म्हणतंय, करत काही नाही," तो पुटपुटला. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

मग हॉर्नचा रिले पंपाच्या जागी खोचून झाला. तरी तेच. शेवटी रिलेच्या ३० आणि ८७ नंबरच्या घरांत वायरचा तुकडा घालून त्याने पंपाची लाइन सतत चालू ठेवली, विडी विझवली आणि सीट उचलली. (पेट्रोलला तो मान देतो, गिऱ्हाइकाला नाही.) खाली शेंगांची टरफलं, सुटे पैसे आणि जिच्यापायी घरात दोन दिवाळ्या अबोला होता ती कुडी.

मी ऐटीत माझा मल्टिमीटर पंपाच्या कनेक्टरला लावला. १२ व्होल्ट! "करंट आहे. म्हणजे पंपच गेला."

"मीटर ओझं उचलत नाही, साहेब," म्हणत त्याने खिशातून दोन वायरी डकवलेला हेडलाइटचा बल्ब काढला. ५५ वॅटचा हा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो, साधारण पंपाइतकाच. कुजक्या जोडातूनही मीटरला व्होल्ट दिसतात. ओझं पडलं की खरं कळतं. बल्ब जेमतेम लाल झाला. मग त्याने बल्बची काळी वायर कनेक्टरमधून काढून उघड्या पत्र्यावर टेकवली आणि माझे डोळे दिपले.

"अर्थिंग."

गालिच्याखाली अर्थिंगचा बोल्ट ढिला होता. त्यातच टेपवाल्याने अँप्लिफायरची वायर कोंबलेली, तीही रंगावरच. वायरमनने माझ्याकडे नुसतं पाहिलं. टेपवाला हा त्याचा जन्मोजन्मीचा वैरी. ती वायर उपटून त्याने बाजूला फेकली, पत्रा घासला, बोल्ट आवळला. पंप गुणगुणला.

गाडी तेव्हापासून एकदाही अडलेली नाही. टेप मात्र बंद आहे. त्याला हात लावायला तो साफ नाही म्हणतो.