२२६ येईपर्यंत

एफटीपीचा सर्व्हर आकड्यांत बोलतो. दारात गेलात की २२०, म्हणजे या. नाव सांगितलंत की ३३१, म्हणजे पासवर्ड बोला. तो जुळला की २३०, म्हणजे आलात आत. आणि फाइल सुखरूप पोचली की २२६. एवढ्या अदबीच्या बोलण्यात कामाचा आकडा एकच, तो शेवटचा. बाकीच्यांशी माझी चांगली ओळख झाली.

सगळं मामांच्या स्कॅनरपायी. वाईला मामांच्या वाड्यात मोडी कागदांचे रुमाल आहेत. वाळवीच्या आधी आपण ते गाठायचे, असं ठरवून मामांनी एका बंद झालेल्या झेरॉक्सच्या दुकानातून अगडबंब जुना स्कॅनर उचलून आणला. यंत्र दणकट, पण स्कॅन केलेलं बाहेर पाठवायचे त्याला दोनच मार्ग ठाऊक: एक फॅक्स, दुसरा एफटीपी. इकडे पुण्यात माझ्या टीव्हीखालच्या कपाटात जुन्या लॅपटॉपचा केलेला घरगुती सर्व्हर. त्याची बिजागरी तुटलेली, त्यामुळे स्क्रीन कपाटाच्या पाठीला टेकून कशीबशी उभी असते. मामांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच संपला होता. "अगं, वाईहून अख्खा विश्वकोश निघाला, एक पीडीएफ पुण्याला जायला काय हरकत आहे?"

हरकत अशी, की घरात सगळं झकास चालत होतं. माझ्या फोनवरून माझ्याच सर्व्हरला फाइल पाठवली की डोळ्याचं पातं लवायच्या आत २२६. सेवेची अवस्था विचारली की हिरव्यागार अक्षरांत 'ॲक्टिव्ह (रनिंग)'. वाईहून मात्र काहीच नाही. साधा नकारसुद्धा नाही. राउटरमधून २१ नंबरचं पोर्ट उघडून दिलं, तरी ढिम्म. शेवटी राउटरला स्वतःला बाहेरून कोणता पत्ता मिळालाय ते पाहिलं. १००.६४ ने सुरू होणारा. या धंद्यातली माणसं तेवढ्यावरून रोग ओळखतात. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते एकूण ४२९ कोटी, आणि फोन, टीव्ही, कॅमेरे धरले तर मागणारे कितीतरी जास्त. म्हणून नेटवाल्या कंपन्या ढीगभर गिऱ्हाइकं एकाच पत्त्याच्या आड बसवतात आणि आतल्या आत १००.६४ पासूनचे पत्ते वाटतात. हा पट्टा २०१२ साली खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. यात तुम्हाला बाहेर जाता येतं. बाहेरच्याला तुमच्याकडे येता येत नाही. मी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, यूट्यूब लागतंय का?"

"लागतंय हो. मला बाहेरून आत यायचंय."

"म्हणजे आत्ता आपण बाहेर आहात का?"

जादा पैसे भरून स्वतःचा कायमचा पत्ता घेतला. आणि त्याच रात्री माणसांची, म्हणजे माणसांनी सोडलेल्या प्रोग्रामांची, रीघ लागली. लॉग उघडावा तर कोणी 'ॲडमिन' म्हणून आलेलं, कोणी 'रूट', कोणी 'टेस्ट'. देश निरनिराळे, पासवर्ड सगळेच चुकीचे. ज्यांना बोलावलं नव्हतं त्यांना पत्ता बरोबर सापडला होता. मामांना हे सांगितलं तर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आपल्यातलं कोणी आहे का त्यात?"

मामांचा नंबर लागला तेव्हा सर्व्हर म्हणाला, ५०० ऊप्स. खरंच म्हणतो. व्हीएसएफटीपीडी नावाचा हा प्रोग्राम सुरक्षेच्या बाबतीत फार कडक. खातेदाराला एका फोल्डरात कोंडलं असेल आणि तोच फोल्डर त्याला लिहायला मोकळा असेल, तर तो कामच करत नाही, आणि नकार देताना आधी 'अरेच्चा' म्हणतो. लिहायला आत वेगळा फोल्डर करून दिला. मग आला २३०! मामा आत आले, आणि आत येऊन जागच्या जागी थिजले.

इथे थोडं मागे, १९७१ मध्ये जावं लागतं. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण तेव्हा एमआयटीत होते. त्या वर्षी १६ एप्रिलला त्यांनी एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. बोलण्यासाठी एक जोडणी आणि माल नेण्यासाठी दुसरी, ही एफटीपीची रीत. जाळ्यावर जेमतेम काही यंत्रं, प्रत्येकाला स्वतःचा पत्ता, मध्ये राउटरचा अडसर नाही. कोणी कोणाकडेही जावं. तेव्हा यात काही खोट नव्हती. नंतर सगळ्या जगाने दारं लावून घेतली, पण एफटीपीचा स्वभाव तोच राहिला.

तर थिजण्याचं कारण लॉगमध्ये एका ओळीत होतं. '२२७, पॅसिव्ह मोड', आणि पुढे कंसात सहा आकडे: १९२, १६८, १, १०, १९५, ८०. पहिले चार हा पत्ता. शेवटचे दोन म्हणजे पोर्ट, तेही गणित घालून: १९५ गुणिले २५६, अधिक ८०, म्हणजे बरोबर ५०,०००. सर्व्हर सांगत होता, माल घेऊन या पत्त्यावर या. पण १९२.१६८.१.१० हा त्याचा माझ्या घरातला पत्ता. फोनवर पाहुण्याला 'या की स्वयंपाकघरात' म्हणावं आणि त्याने उठून स्वतःच्याच स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं, तसा वाईचा स्कॅनर १९२.१६८.१.१० शोधत निघाला आणि त्याला तो सापडलाही. तो मामींचा टीव्ही होता. माझ्या पणजोबांचे कागद घ्या म्हणून स्कॅनर टीव्हीची मनधरणी करत होता, आणि टीव्हीवर मामींची मालिका चालू होती.

सर्व्हरला बाहेरचा पत्ता शिकवला, ५०,००० पासूनची मोजकी पोर्टं उघडली. सगळं ठाकठीक झालं, आणि तेवढ्यात माझाच धीर सुटला. वाटेवर काय जातंय ते पाहायला मी टीसीपीडम्प चालवून ठेवलं होतं. पडद्यावर मामांचा पासवर्ड जसाच्या तसा, ठळक वाचता येईल असा गेला. एफटीपी काही झाकून नेत नाही. पासवर्ड होता मामींचं माहेरचं नाव.

"मामा, हा कोणालाही वाचता येतो. बदला."

"तिला सांगू नकोस हं," मामा हळूच म्हणाले. "तिला वाटतं, मी ते केव्हाच विसरलोय."

एफटीपी पन्नास वर्षांचा झाला त्याच वर्षी, २०२१ मध्ये, क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही त्याला घराबाहेर काढलं. मला वाईट वाटलं होतं. आता पटलं. पण मामांच्या यंत्राला दुसरी भाषा येत नाही, त्यामुळे रास्पबेरी पाय नावाचा एक चिमुकला संगणक वाईला पाठवून दिला. स्कॅनर घरातल्या घरात त्याला फाइल देतो, आणि तो ती एसएसएचच्या बंद वाटेने पुण्याला धाडतो. इकडचं २१ नंबरचं पोर्ट बंद झालं. 'ॲडमिन' आणि 'रूट' आता दुसरीकडे जात असतील.

परवा रात्री वाईच्या लॉगमध्ये २२६ उमटला आणि मिनिटभरात पान माझ्या पडद्यावर होतं. कडेला वाळवीची नक्षी, पण अक्षर लखलखीत. मी मामांना फोन केला.

"आलं का? मग वाच की, काय लिहिलंय."

"मामा, मला मोडी कुठे येते?"

"येत नाही?" मामा थोडा वेळ गप्प. "मग पंचाईत आहे गं. मला वाटलं, तुझ्या सर्व्हरला येत असेल."